डुगडुगणारं, खिळखिळं, बेभरवशाचं : इंग्रजी विशेषणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसचे मेल, भाषांतराची कामं, परदेशातल्या डॉक्टरांशी बोलणं, मुलांचा अभ्यास या सगळ्यांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेकी, वॉबली, अनस्टेडी, अनस्टेबल या सगळ्यांचा अर्थ 'डळमळीत'च ना? मग कुठलाही वापरला तर काय बिघडतं?

बिघडतं, कारण नेमकं काय हलतंय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मराठीतही आपण टेबलाला चंचल म्हणत नाही आणि माणसाच्या मनाला खिळखिळं म्हणत नाही. इंग्रजीतही प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली आहे. 'वॉबली' म्हणजे इकडून तिकडे डुलणारं, डुगडुगणारं. 'शेकी' म्हणजे थरथरणारं. त्यावरून पुढे कच्चं, पक्क्या पायावर नसलेलं. 'अनस्टेडी' म्हणजे तोल किंवा लय नीट न राहणारं, आणि हा शब्द बहुतेक वेळा पाय, हात, आवाज, चाल यांच्यासाठी येतो. 'अनस्टेबल' सर्वांत गंभीर. आत्ता हलत नसेलही, पण एका धक्क्यात कोसळेल किंवा स्थिती बदलेल, असा त्याचा अर्थ आहे.

शब्द निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: दोष कशात आहे? सांध्यात, मालात, तोलात, वेळापत्रकात, की माणसाच्या शब्दात? उत्तर मिळालं की विशेषण सापडायला वेळ लागत नाही.

२. हॉटेलात टेबल डुगडुगत होतं. 'शेकी टेबल' म्हटलं तर चालेल का?

चुकीचं नाही, पण नेमका शब्द 'वॉबली'. टेबलाचा एक पाय आखूड असला किंवा फरशी उंचसखल असली की ते दोन स्थितींमध्ये डुलतं, आणि हे डुलणं म्हणजेच 'वॉबल'. लहान मुलाचा हलणारा दात, आऊट झालेलं सायकलचं चाक, ताटलीतली जेली हेसुद्धा 'वॉबली'च. 'शेकी' शिडीला जास्त शोभतं, कारण चढताना ती सगळीच थरथरते.

'वॉबली' आणि 'अनस्टेबल' यांतला फरक तीन पायांच्या स्टुलावर छान दिसतो. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, त्यामुळे फरशी कशीही असो, तिन्ही पाय टेकतात आणि स्टूल डुगडुगत नाही. म्हणजे ते 'वॉबली' नाही. पण त्यावर बसून दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकलात आणि तुमचं वजन तिन्ही पायांनी आखलेल्या त्रिकोणाबाहेर गेलं, की ते उलटतं. त्या अर्थाने ते चार पायांच्या स्टुलापेक्षा जास्त 'अनस्टेबल' आहे. उलट एक पाय आखूड असलेलं जड शिसवी टेबल डुगडुगेल, पण उलटणार नाही. ते 'वॉबली' आहे, 'अनस्टेबल' नाही.

एक सावधगिरी: ब्रिटनमध्ये 'थ्रो अ वॉबली' म्हणजे अचानक संतापून आदळआपट करणं. त्याचा टेबलाशी काही संबंध नाही.

३. आईबाबा अमेरिकेत मुलाकडे आले आहेत. 'बाबांचा तोल जातोय' हे फोनवर डॉक्टरांना कसं सांगायचं? 'ही इज अनस्टेबल' म्हटलं तर?

असं म्हणू नका. दवाखान्यात 'अनस्टेबल' म्हणजे रक्तदाब, नाडी, श्वास किंवा ऑक्सिजन टिकत नाहीये, जीवाला धोका आहे. आणि दवाखान्याबाहेर, रोजच्या बोलण्यात 'ही इज अनस्टेबल'चा अर्थ अनेकदा 'मानसिक संतुलन ठीक नाही' असा घेतला जातो. दोन्ही अर्थ तुम्हाला अभिप्रेत नाहीत.

म्हणायचं ते असं: 'ही इज अनस्टेडी ऑन हिज फीट.' त्याला लगेच दोन गोष्टी जोडा: केव्हापासून, आणि हळूहळू की अचानक. अचानक तोल जाणं हे पक्षाघाताचंही लक्षण असू शकतं. त्यामुळे तसं असेल तर 'सडन्ली' हा शब्द आणि घड्याळातली वेळ सांगायला विसरू नका, आणि दवाखान्याची वेळ घेत बसण्याऐवजी थेट आपत्कालीन सेवेला फोन करा.

जवळचे तीन शब्दही वेगळे ठेवा. खोली गरगर फिरते आहे किंवा चक्कर येते आहे, तर 'डिझी'. डोकं हलकं होऊन भोवळ येईल असं वाटतं, तर 'लाइट-हेडेड'. झोपेच्या गोळीमुळे किंवा भूल उतरताना सुस्त, लटपटतं वाटतं, तर 'ग्रॉगी'. हा शेवटचा शब्द आरमारातून आला. १७४० मध्ये ब्रिटिश अॅडमिरल व्हर्नन यांनी खलाशांच्या रममध्ये पाणी मिसळायचा हुकूम काढला. ते ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा झगा घालत, त्यावरून त्यांना 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. त्या पेयाचं नाव पडलं 'ग्रॉग', आणि ते पिऊन झोकांड्या देणारा तो 'ग्रॉगी'. आज त्यात दारूचा अर्थ उरलेला नाही, त्यामुळे आजींसाठीही निर्धास्त वापरा.

४. मग 'क्रिटिकल बट स्टेबल' म्हणजे पेशंट सुधारतोय का?

नाही. 'स्टेबल' म्हणजे आत्ता स्थिती बदलत नाहीये. ती वाईट स्थितीतही न बदलणारी असू शकते. मराठी बातम्यांमधलं 'प्रकृती गंभीर पण स्थिर' हे याचं योग्य भाषांतर आहे, मात्र नातेवाईक 'स्थिर' हा शब्द ऐकून 'धोका टळला' असं समजतात. धोका टळला असेल तर 'आऊट ऑफ डेंजर' असं वेगळं सांगितलं जातं.

'अनस्टेबल अँजायना'मध्येही हेच सूत्र आहे. ठरावीक श्रमाने छातीत दुखतं आणि थांबल्यावर कमी होतं, ते 'स्टेबल'. बसल्या जागी दुखू लागलं, किंवा आधीपेक्षा जास्त वेळा, जास्त जोराने दुखू लागलं, म्हणजे नेहमीची पद्धत मोडली, की ते 'अनस्टेबल'. दुखणं किती तीव्र आहे यापेक्षा ते बदललं आहे, याकडे हा शब्द बोट दाखवतो. अशा वेळी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं असतं.

५. रिकेटी, रॅमशॅकल आणि डिलॅपिडेटेड यांत फरक काय? सोसायटीच्या नोटिशीचं भाषांतर करतोय.

'रिकेटी' म्हणजे आपलं खिळखिळं. सांधे सैल झालेली खुर्ची, कुरकुरणारा लाकडी जिना, जुनी बैलगाडी, दोरखंडाचा पूल. हा शब्द 'रिकेट्स'वरून, म्हणजे मुडदूस या आजारावरून आला. ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकतात, तो हा आजार. नवीन टेबलाचा पाय आखूड असेल तर ते 'वॉबली'. 'रिकेटी' व्हायला सांधेच ढिले व्हावे लागतात.

'रॅमशॅकल' म्हणजे जसंतसं जोडलेलं आणि हेळसांड झालेलं. शेड, टपरी, जुनी गाडी, आणि कधीकधी ढिसाळ व्यवस्थासुद्धा.

'डिलॅपिडेटेड' हा कागदोपत्री शब्द: मोडकळीस आलेलं, जीर्ण. यात हलण्याचा अर्थ मुळीच नाही. इमारत दगडासारखी निश्चल दिसेल, पण पिलर आतून गंजलेले असतील, तर ती 'डिलॅपिडेटेड' आहे. मुंबईत हा फरक थेट लोकांच्या घरांशी जोडलेला आहे. महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग करते. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. 'सी-२ए' म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती. 'सी-२बी' म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५४ खालची नोटीस ही मोडकळीस आलेल्या किंवा पडण्याची शक्यता असलेल्या बांधकामासाठी असते. अशा मजकुरात 'रिकेटी' किंवा 'शेकी' लिहू नका. इमारतीच्या वर्गात तुमच्या शब्दाने फरक पडणार नाही, पण वाचणाऱ्या कुटुंबाला धोका कमी वाटू शकतो, आणि तीच सर्वांत मोठी चूक ठरेल. 'डिलॅपिडेटेड', 'अनसेफ', 'स्ट्रक्चरली अनसाऊंड' यांतला जो शब्द मूळ अहवालात असेल, त्यालाच धरून राहा.

६. 'तकलादू'ला इंग्रजीत काय म्हणतात? फ्रॅजाइल?

'फ्लिम्झी'. पातळ पत्र्याचं कपाट, दोन धुण्यांत विरणारं कापड, कागदासारखा पार्टिशनचा पडदा. मालच हलका असणं हा त्याचा गाभा आहे. 'फ्रॅजाइल' म्हणजे जपून हाताळावं लागणारं, आणि त्यात कमअस्सलपणा नाही. उत्तम काचेची हंडीही 'फ्रॅजाइल' असते. 'ब्रिटल' म्हणजे ठिसूळ, न वाकता तटकन मोडणारं. ग्राहक म्हणून तक्रार करायची असेल तर 'फ्लिम्झी' लिहा. 'फ्रॅजाइल' लिहिलंत तर 'मग नीट का वापरलं नाही' असं उत्तर यायला जागा राहते.

७. 'फ्लिम्झी एव्हिडन्स', 'शेकी एव्हिडन्स', 'टेन्यूअस लिंक' : पुराव्याला नेमकं काय लावायचं?

तिन्ही चालतात, पण आरोप वेगवेगळे आहेत. 'फ्लिम्झी' म्हणजे पुरावा मुळातच क्षुल्लक आहे. म्हणूनच लंगड्या सबबीला 'फ्लिम्झी एक्स्क्यूज' म्हणतात. 'शेकी' म्हणजे पुरावा आहे, पण उलटतपासणीत टिकेल असं वाटत नाही. 'टेन्यूअस' म्हणजे दोन गोष्टींना जोडणारा धागा फारच बारीक आहे, त्यामुळे तो बहुधा 'लिंक' किंवा 'कनेक्शन'च्या आधी येतो.

स्वतःच्या भाषाज्ञानाबद्दल बोलताना 'माय जर्मन इज अ बिट शेकी' हे सहज, सभ्य वाक्य आहे. तिथे 'फ्लिम्झी' चालणार नाही.

८. माणूस बेभरवशाचा आहे हे लिहायचं आहे. अनरिलायबल लिहू की अनट्रस्टवर्दी?

दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि शिफारसपत्रात किंवा अप्रेझलमध्ये तो कुणाचं नुकसान करू शकतो. 'अनरिलायबल' म्हणजे त्याच्यावर विसंबता येत नाही: वेळेवर येत नाही, काम अर्धवट सोडतो, विसरतो. मनाने चांगला असू शकतो. 'अनट्रस्टवर्दी' म्हणजे त्याच्या हेतूवरच विश्वास नाही: खोटं बोलेल, पैसे खाईल. हा चारित्र्यावरचा आरोप आहे. पुरावा नसताना लिहू नका.

न्यायालयीन भाषेत 'अनरिलायबल' थोडं वेगळं चालतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या एका निकालात साक्षींचे तीन प्रकार सांगितले: पूर्णपणे विश्वसनीय, पूर्णपणे अविश्वसनीय, आणि पूर्णपणे विश्वसनीयही नाही व पूर्णपणे अविश्वसनीयही नाही अशी. तिसऱ्या प्रकारात न्यायालय दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा शोधतं. तिथे 'अनरिलायबल' हे साक्षीच्या वजनाबद्दल आहे. साक्षीदार खोटारडाच असेल असं नाही. त्याची नजर अधू असेल किंवा आठवण पुसट झाली असेल.

'फिकल' म्हणजे चंचल: आज एकावर जीव, उद्या दुसऱ्यावर. चाहते, मतदार, दैव, हवामान यांना ते लावतात, यंत्राला नाही. मनात येईल तेव्हा चालणाऱ्या प्रिंटरसाठी 'टेम्परामेंटल' हा छान शब्द आहे. माणसाला लावला तर त्याचा अर्थ लहरी, चटकन बिथरणारा असा होतो. 'फ्लेकी'साठी प्रश्न ९ पाहा.

९. 'फ्लेकी' म्हणजे पापुद्र्यांचं ना? मग माणूस आणि सॉफ्टवेअर 'फ्लेकी' कसं असतं?

मूळ अर्थ बरोबर आहे. खारी आणि चिरोटे 'फ्लेकी' असतात. पदर न सुटलेली शंकरपाळी मात्र नुसती खुसखुशीत असतात, 'फ्लेकी' नाही. अमेरिकी बोलीत 'फ्लेकी' माणूस म्हणजे येतो म्हणून आयत्या वेळी न येणारा. हा शब्द मित्रांत ठीक आहे, ऑफिसच्या मेलमध्ये नको.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो पारिभाषिकच झाला आहे. कोडमध्ये काहीही बदल न करता जी चाचणी कधी पास होते आणि कधी फेल, ती 'फ्लेकी टेस्ट'. कारणं बहुतेक वेळा हीच असतात: दोन कामं कोणत्या क्रमाने संपतील हे नक्की नसणं, नेटवर्कवर अवलंबून असणं, एका चाचणीचा उरलेला डेटा दुसरीला लागणं, किंवा चाचणीत घड्याळाची वेळ गृहीत धरलेली असणं. दर वेळी हमखास फेल होणारी चाचणी 'फ्लेकी' नसते. ती सरळ 'ब्रोकन' असते, आणि ती शोधायला जास्त सोपी.

१०. नेट सारखं जातं, वीज जाते-येते, पाऊस लहरी आहे. या सगळ्याला 'अनस्टेबल' चालतं का?

व्हिडिओ कॉलवर 'युअर इंटरनेट कनेक्शन इज अनस्टेबल' असा संदेश येतो, म्हणून हा शब्द सगळीकडे पसरला. तक्रार नोंदवताना त्याने काहीच कळत नाही. हे तीन शब्द जास्त कामाचे:

'इंटरमिटंट' हा काळाचा शब्द: मध्येच बंद, मध्येच चालू. थांबून थांबून पडणारा पाऊस 'इंटरमिटंट रेन'. यंत्रातला 'इंटरमिटंट फॉल्ट' म्हणजे कधी दिसणारा, कधी गायब होणारा बिघाड. सैल झालेला सोल्डरचा जोड गरम झाल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा चिकटतो, असली कारणं त्यामागे असतात. टेक्निशियनला हा शब्द सांगितलात तर 'इथे तर चालतंय' म्हणून मशीन परत न पाठवता ते बराच वेळ चालू ठेवून बघायला हवं, हे त्याच्या लक्षात येतं.

'पॅची' हा जागेचा शब्द: इथे आहे, तिथे नाही. घाटातली मोबाइलची रेंज 'पॅची' असते. एका तालुक्यात धो धो आणि शेजारच्यात कोरडं, तर पाऊस 'पॅची'. अमेरिकेत याच अर्थाने 'स्पॉटी' म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र 'स्पॉटी' म्हणजे तोंडावर पुटकुळ्या असलेला.

'इरॅटिक' हा क्रमाचा शब्द: चालू आहे, पण ताळतंत्र नाही. व्होल्टेज वरखाली, बसच्या वेळा कशाही. आपण 'लहरी मान्सून' म्हणतो, तो 'इरॅटिक मान्सून'. लॅटिनमधल्या 'भटकणं' या क्रियापदावरून हा शब्द आला आहे.

तक्रारीत विशेषणापुढे आकडा जोडा: 'इंटरमिटंट' लिहून 'दर वीसेक मिनिटांनी दोन मिनिटं जातं, वायरनेही आणि वायफायवरही' असं लिहिलंत, तर राऊटर की लाइन हा पहिला प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

११. 'व्हॉलटाइल' मार्केट म्हणजे पडणारं मार्केट का?

नाही. जोरात वर आणि जोरात खाली, दोन्ही. रोज थोडाथोडा घसरणारा शेअर तोट्याचा असेल, पण 'व्हॉलटाइल' नाही. शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'उडणं' या क्रियापदात आहे. पेट्रोल, अॅसिटोन, स्पिरिट चटकन उडून जातात म्हणून ते 'व्हॉलटाइल'. कॉम्प्युटरची रॅमही 'व्हॉलटाइल मेमरी', कारण वीज गेली की त्यातलं सगळं जातं. माणसाबद्दल वापरल्यास क्षणात भडकणारा. ब्रिटिश उच्चार 'व्हॉलटाइल', अमेरिकी 'व्हॉलटल'.

१२. 'प्रिकॅरिअस' कधी वापरायचा?

वस्तू धड आहे, पण तिची जागा किंवा परिस्थिती धोक्याची आहे तेव्हा. टेबलाच्या अगदी काठावर ठेवलेली फुलदाणी स्वतः डुगडुगत नाही, तिची अवस्था 'प्रिकॅरिअस' आहे. कामाबद्दल हा शब्द फार नेमका आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'विनवणी करून मिळालेलं', म्हणजे देणाऱ्याची मर्जी फिरली की जाणारं. दर महिन्याला नूतनीकरण होणारं कंत्राट, नोटीस न देता कमी करता येणारी नोकरी यांसाठी 'अनस्टेबल जॉब'पेक्षा 'प्रिकॅरिअस' योग्य, कारण पगार आज नियमित येतही असेल. त्याच्यावर हक्क मात्र नाही.

१३. डॉजी, डायसी, इफी, स्केची, वॉन्की हे औपचारिक लेखनात चालतील?

बोलीतल्या अर्थाने एकही नाही. बोलण्यात मात्र फरक जाणून वापरा. 'डॉजी' मुख्यतः ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातला: लबाड माणूस, संशयास्पद व्यवहार, वास येणारी मासळी. 'डायसी' म्हणजे जोखमीचं, फासा कसाही पडेल असं. 'इफी' म्हणजे खात्री नसलेलं. 'स्केची' मूळचा 'अपुरा, त्रोटक' या अर्थाचा. 'स्केची डिटेल्स' बातम्यांतही चालतं. अमेरिकेत मात्र 'स्केची एरिया' म्हणजे रात्री जाऊ नये असा भाग. 'वॉन्की' ब्रिटनमध्ये वाकडं-तिकडं, अमेरिकेत त्याशिवाय धोरणांच्या किचकट तपशिलात रमलेलं असाही अर्थ आहे. लंडनच्या आणि वॉशिंग्टनच्या मेलमध्ये त्याचा अर्थ वेगळा लावला जाऊ शकतो.

१४. 'अनस्टेबल'चं नाम 'अनस्टेबिलिटी' का नाही?

विशेषणाला इंग्रजीने आपला 'अन' लावला, नाम मात्र फ्रेंच-लॅटिनमधून 'इन'सकट तयार आलं: 'इन्स्टेबिलिटी'. 'अनेबल–इनॅबिलिटी', 'अनइक्वल–इनइक्वॉलिटी', 'अनजस्ट–इनजस्टिस' याच चालीचे. 'अनबॅलन्स्ड'चं नाम 'इम्बॅलन्स'. पण 'अनरिलायबल'चं नाम 'अनरिलायबिलिटी'च, आणि 'अनस्टेडी'चं 'अनस्टेडीनेस'. यांना सरसकट नियम नाही, जोड्या पाठ कराव्या लागतात.

तुलना करताना 'वॉबलिअर', 'शेकिअर', 'फ्लिम्झिअर'; पण 'मोअर अनस्टेबल', 'मोअर प्रिकॅरिअस'. जोर द्यायला 'हायली व्हॉलटाइल', 'डेंजरसली अनस्टेबल', 'नोटोरिअसली अनरिलायबल' या रुळलेल्या जोड्या आहेत. 'हायली वॉबली' कानाला खटकतं, तिथे 'व्हेरी' पुरे.

१५. क्रिकेटच्या समालोचनात 'शेकी', 'इरॅटिक', 'इनकन्सिस्टंट' तिन्ही येतात. एकच ना?

अवधी वेगळा आहे. 'शेकी स्टार्ट' म्हणजे डावाची सुरुवात डळमळीत. 'इरॅटिक' गोलंदाज म्हणजे त्याच षटकात एक फुलटॉस, एक आखूड, एक लेगला. 'इनकन्सिस्टंट' म्हणजे एका सामन्यात शतक, पुढच्या तीनमध्ये भोपळा. 'वॉबल सीम' हा मात्र दोष नाही, कौशल्य आहे. शिवण सरळ उभी न ठेवता हवेत मुद्दाम डगमगती ठेवली जाते, त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल हे फलंदाजाला ओळखता येत नाही.

१६. 'इनसिक्युअर लोन' म्हणजे विनातारण कर्ज का?

विनातारण कर्ज म्हणजे 'अनसिक्युअर्ड लोन'. 'इनसिक्युअर' म्हणजे असुरक्षित वाटणारा माणूस, किंवा नीट न बांधलेली शिडी, कच्चं कुलूप. पासवर्ड नसलेलं वायफाय 'अनसिक्युअर्ड नेटवर्क'. कर्जाच्या कागदावर हे दोन शब्द अदलाबदल करू नका.

१७. 'जुनी खिळखिळी लाकडी खुर्ची' : 'ओल्ड रिकेटी वुडन चेअर' बरोबर आहे का?

इंग्रजीत क्रम साधारण असा लागतो: मत, मग वय, मग साहित्य. म्हणून 'अ रिकेटी ओल्ड वुडन चेअर'. मराठीत 'जुनी' आधी आणली तरी चालते, त्यामुळे ही चूक सहज होते. 'अनस्टेडी ऑन हर फीट'सारखे शब्दप्रयोग मात्र नामाच्या आधी ठेवायचेच नाहीत. ते 'शी इज'च्या नंतरच येतात. नामाआधी हवं असेल तर 'अनस्टेडी गेट', म्हणजे लटपटती चाल, असं लिहा.